कोट आडवा येतो

प्रश्न : आमचा पेणला गणपतींचा कारखाना आहे. मुलगा पुण्याला नोकरीला असतो. मध्यंतरी त्याने ‘ब्लडबॉर्न’ नावाच्या व्हिडिओ गेममधल्या शिकाऱ्याची टीचभर प्लॅस्टिकची बाहुली जपानहून मागवली. किंमत ऐकून त्याची आई त्याच्याशी धड बोलेना. त्याचं म्हणणं, ‘मी डोळे झाकून नाही घेतली, आधी अर्ध्या-अर्ध्या तासाची परीक्षणं पाहिली.’ नाटकाचं परीक्षण समजतं, पुस्तकाचं समजतं. बाहुलीत अर्धा तास बघण्यासारखं असतं तरी काय?
– एक मूर्तिकार, पेण

उत्तर : शेजारच्या कारखान्यातली मूर्ती तुम्ही नुसती बघत नाही, तपासता. डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची, पितांबराच्या चुण्या साच्यातून आल्यात की नंतर कोरल्यात, जोड कुठे बुजवलाय. मुलगा तेच बघत होता. फरक एवढाच की तुमची मूर्ती एकदा बसली की बसली. या बाहुलीला उभं राहायचं असतं, वाकायचं असतं, धावता धावता वार करतोय असं दिसायचं असतं. त्या अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं या एकाच भानगडीवर जातात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

आधी पात्राची ओळख करून घेऊ, कारण ती नसेल तर परीक्षणाला काही अर्थ नाही. ‘ब्लडबॉर्न’ हा गेम मार्च 2015 मध्ये प्लेस्टेशन 4 वर आला. तो केला टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. यार्नम नावाचं एक अंधारं, कळसांनी आणि धुराड्यांनी भरलेलं शहर आहे. तिथे रक्त चढवून सगळे रोग बरे करतात, आणि त्याच रक्ताने माणसांची जनावरं होतात. त्यांना मारायला रात्री शिकारी बाहेर पडतात. आपण त्यांतले एक. या शिकाऱ्याच्या हातात ढाल नसते. उजव्या हातात घडी घालता येणारी करवत, डाव्या हातात पिस्तूल. पिस्तूल जीव घेण्यासाठी कमी आणि समोरच्याचा वार ऐन क्षणी मोडण्यासाठी जास्त. शिवाय गेमचा एक नियम असा की मार बसल्यावर लगेच उलटा वार केलात तर गेलेली ताकद काही अंशी परत मिळते. म्हणजे मागे सरकून जमत नाही. खेळणाऱ्याच्या डोक्यात हा माणूस कायम पुढे झुकलेला, गुडघ्यात वाकलेला, एक पाय टाकायच्या बेतात असतो.

आता फिगर, म्हणजे तुमच्या मुलाची बाहुली घ्या. ही ‘फिग्मा’ मालिकेतली आहे. ती जपानची मॅक्स फॅक्टरी बनवते आणि गुड स्माइल कंपनी विकते. मालिका सुरू झाली 2008 मध्ये, पहिली फिगर नागातो युकी या शाळकरी मुलीची. आपल्या शिकाऱ्याचा क्रमांक 367. ही पहिली फिगर कोणाची होती याला महत्त्व आहे. फिग्माचे सांधे सुरुवातीला बारीक हातपाय, आखूड स्कर्ट आणि मोठे डोळे असलेल्या ॲनिमे मुलींसाठी घडले. त्या अंगावर सांधा लपवायला जागा कमी, पण पाय हलायला आडकाठीही कमी. पुढे याच मालिकेत चिलखतवाले आले, अंगरखेवाले आले, आणि हा लांब कोटवाला शिकारी आला. सांध्याची जात तीच, वर कपड्यांचा ढीग.

एकेकाळी या धंद्यात सांध्यांची चैन नव्हती. 1978 मध्ये अमेरिकेच्या केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’च्या बोटभर बाहुल्या बाजारात आणल्या, त्यांना पाच सांधे : मान, दोन खांदे, दोन जांघा. त्या बसायच्या, उभ्या राहायच्या, बस्स. पोरांचं काही अडलं नाही. आज कोपर, मनगट, कंबर, छाती, गुडघा, घोटा, पायाची बोटं, सगळं हलतं. पण प्रत्येक सांधा म्हणजे घडवलेल्या अंगावर एक चीर. मूर्तिकाराने दंडावरून मनगटापर्यंत एक सुंदर ओघ काढावा आणि कोणीतरी येऊन कोपरावर करवत चालवावी, असा हा प्रकार. परीक्षकाचं काम ही चीर शोधायचं. ती कोटाच्या शिवणीत, पट्ट्याच्या खाली, बाहीच्या चुणीत लपवली असेल तर घडवणाऱ्याला दाद द्यायची. उघडी पडली असेल तर तिच्या बदल्यात हालचाल किती मिळाली ते विचारायचं.

इथे थोडं गणित करू, तुम्हाला आवडेल. फिगर साधारण 1/12 प्रमाणाची. सहा फुटी माणूस म्हणजे 183 सेंटिमीटर, त्याला बाराने भागलं की सव्वापंधरा. माणसाच्या बुबुळाचा रंगीत भाग सुमारे 12 मिलिमीटरचा असतो, म्हणजे इथे तो एक मिलिमीटर. हा डोळा हाताने आखत नाहीत, छापतात. कोरलेल्या पत्र्यावरची शाई सिलिकोनच्या मऊ गादीने उचलायची आणि चेहऱ्याच्या गोलाईवर दाबायची. गादी केसभर सरकली की पात्र तिरळं झालं. तुमच्याकडे आखणी चुकली तर पुसून पुन्हा करता येते. इथे तो नग तसाच डब्यात जातो आणि कोणाच्या तरी घरी पोचतो. म्हणून ‘विचर’ गेममधल्या गेराल्टसारख्या उघड्या चेहऱ्याच्या पात्राची फिगर असली, की परीक्षक सगळ्यात आधी भिंग चेहऱ्यावर नेतो. गेराल्टच्या डाव्या डोळ्यावरून उतरलेला व्रण आणि मांजरासारख्या पिवळ्या डोळ्यातली उभी बाहुली एक मिलिमीटरमध्ये बसवायची म्हणजे खेळ नाही.

शिकाऱ्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्नच मिटतो. डोक्यावर कोपऱ्यांची टोपी, तोंडावर फडकं, मधे उरते ती डोळ्यांची पट्टी. चेहराच झाकलेला, त्यामुळे छपाईची गोची कमी. पण मग पात्र ओळखू यायचं कशावरून? फक्त बाह्याकृतीवरून. दिव्यासमोर धरून भिंतीवर सावली पाडली आणि टोपी, खांद्यावरचा आखूड झगा, कोटाचा खालचा फाटका घेर आणि करवत एवढ्यावरून शिकारी ओळखता आला तर फिगर पास. ही फिगर तिथे पैकीच्या पैकी मार्क घेते. मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोठं यश हेच. झाकलेल्या माणसाला उभं राहण्याच्या ढबीतून बोलकं करणं चेहरा छापण्यापेक्षा अवघड आहे.

आणि आता कोट. कापडाचा जाड कोट समजा अडीच मिलिमीटरचा. बाराने भागला की 0.2 मिलिमीटर. एवढ्या पातळ प्लॅस्टिकचा मोठा भाग साच्यातून धडपणे निघत नाही, निघाला तर हातात फाटतो. म्हणून कोट आत जाड ओततात आणि कडेला निमुळता करतात, म्हणजे डोळा फसतो. चांगली फिगर ओळखायची असेल तर कोटाची कड बघा, पोट बघू नका. कड बोथट असली की कापड संपून रबरी चटई सुरू होते.

मग खरं कापड का शिवत नाहीत, असं तुमच्या मनात आलं असेल. शिवतात. हाँगकाँगच्या हॉट टॉइजच्या 1/6 प्रमाणाच्या, फूटभर फिगरना खरे कपडे असतात आणि ते शोभतातही. पण माप बाराव्या हिश्शावर आणलं की कापड ऐकत नाही. झगा लहान झाला की त्याचं वजन झपाट्याने घटतं, पण धागा तेवढाच जाड आणि तेवढाच ताठ राहतो. वजनाने खाली ओघळायचा तो झगा मग हवेत फुगून उभा राहतो. वीर पुरुष दिसायच्या ऐवजी उशीचा अभ्रा पांघरलेला दिसतो. काही कंपन्या शिवणीत तार घालून त्याला आकार देतात, ते चालतं, पण दर वेळी तार वळवत बसावं लागतं. फिग्माने शिकाऱ्यासाठी घडीव प्लॅस्टिकचा मार्ग धरला, त्यामुळे फाटक्या कडा आणि वाऱ्याने उडालेल्या चुण्या कायमच्या मिळाल्या. किंमत मोजली ती पायांनी. मांडी पुढे उचलायला गेलं की कोटाचे पल्ले आड येतात. मऊ प्लॅस्टिक थोडं दबतं, थोडं बाजूला होतं, पण एका गुडघ्यावर पूर्ण बसवायचं म्हटलं तर कोट आडवा येतोच.

हा दोष आहे का? कच्चा परीक्षक इथे एक तारा कापून मोकळा होतो. मी नाही कापणार. गेममध्ये हा माणूस मांडी घालून बसत नाही. तो झुकतो, सरकतो, झेप घेतो. लागते ती पुढे झुकलेली कंबर, वाकलेला गुडघा, मागे ताणलेला पाय आणि खांद्याच्या मागे नेलेला उजवा हात. हे सगळं या कोटातून जमतं, आणि एका पायावर तोल नाही राहिला तर सोबतच्या पारदर्शक, वळणाऱ्या दांड्याच्या स्टँडवर तो झेपेत टांगता येतो. हालचाल किती हे मोजण्यापेक्षा कुठली हे विचारावं. शाळकरी मुलीच्या फिगरला बाकावर बसता आलं पाहिजे. शिकाऱ्याला नाही बसता आलं तरी चालेल.

करवतीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण माझं मन तिथे अडकतं. गेममध्ये ती मिटलेली असताना दातेरी करवत असते, आणि झटका दिला की उलगडून लांब पात्याचं हत्यार होते. फिगरबरोबर पिस्तूल आहे, मशाल आहे, पण या करवतीची दोन्ही रूपं दाखवता येतात ही खरी मजा. जवळून बघा : मुठीला गुंडाळलेल्या चिंध्यांचे पदर, पात्याच्या पाठीवरचे ठोक्यांचे खळगे, दात्यांच्या टोकांवर घासल्यासारखा चंदेरी रंग. तो चंदेरी रंग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त उंचवट्यांवर फिरवलेला असतो, म्हणून खोलगट भाग काळा राहतो आणि लोखंड वापरातलं वाटतं. रंग भरायला सगळ्यांनाच येतो, तो कुठे लावू नये हे कळणारा कारागीर वेगळा. तुमच्या कारखान्यातही असा एखादा असेलच.

हातांचे पंजे वेगवेगळे मिळतात : मूठ, पकड, मोकळा पंजा. ते मनगटाच्या बारीक खुंटीवर बदलायचे. ही खुंटी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. नवीन पंजा घट्ट जातो. अशा वेळी दाबू नये, पंजा कोमट पाण्यात बुडवून किंवा केस वाळवायच्या यंत्राखाली धरून मऊ करावा आणि सरळ रेषेत बसवावा. पिरगळलं की कटकन आवाज येतो, आणि तो आवाज कोणालाच ऐकायचा नसतो.

वहिनींच्या रागाबद्दल. किमतीत निव्वळ कारागिरीचे पैसे नसतात. पात्राचा परवाना असतो, एकेका फिगरला लागणाऱ्या महागड्या पोलादी साच्यांचा खर्च थोड्याच नगांवर वाटला जातो, आणि आपल्याकडे खेळण्यांवरची आयात जकात 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. तेव्हा पार्सल खेळणं म्हणून धरलं गेलं तर किमतीचा आकडा घरी पोचेपर्यंत फुगतो, यात मुलाचा दोष नाही. त्याने न विचारता मागवली यात आहे. तो तुमचा आपसातला मामला.

प्रश्न : माझ्याकडे ‘विचर’च्या गेराल्टची सात इंची फिगर आहे. कपाटात डब्यात बंद होती. पावसाळ्यानंतर काढली तर अंग चिकट लागतं, वास येतो, आणि पाठीवरच्या दोन तलवारींपैकी एक केळीच्या पानासारखी लवली आहे. नकली निघाली का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : नकली असेलच असं नाही, हा पीव्हीसीचा, म्हणजे फिगरच्या प्लॅस्टिकचा स्वभाव आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं. मऊ करायला त्यात तेलासारखी रसायनं मिसळतात. ती प्लॅस्टिकशी पक्की बांधलेली नसतात, हळूहळू पृष्ठभागावर येतात. उघड्यावर ठेवलेल्या फिगरवरून ती हवेत जातात, बंद डब्यात तिथेच साठतात आणि चिकटा धरतो. उकाड्याने हे वाढतं. कोकणातलं बंद कपाट म्हणजे त्याला आवतणच.

कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण घालून मऊ दातघासणीने धुवा. सांध्यांत पाणी राहू देऊ नका, सावलीत पंख्याखाली वाळवा. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, यांतलं काहीही लावू नका. चिकटा जाईल आणि गेराल्टचा चेहराही जाईल. नंतर काचेच्या कपाटात ठेवा, पण दार अधूनमधून उघडा.

तलवारीचं सोपं आहे. कडक पीव्हीसी सुमारे 80 अंशांना नरम पडतं, तेल मिसळलेलं त्याच्या बरंच आधी. डब्यात तलवार ज्या कोनात दाबली गेली तो कोन तिने लक्षात ठेवला. तलवार सुटी होत असेल तर गरम पाण्यात काही सेकंद धरा, उकळत्या नको. सरळ करा आणि तशीच धरून थंड पाण्यात बुडवा. पुन्हा लवली तर पुन्हा करा. दोन्ही बाजूंनी दाबून ‘जास्तच सरळ’ करायच्या फंदात पडू नका. गेममध्ये एक तलवार माणसांसाठी पोलादी आणि एक राक्षसांसाठी चांदीची, म्हणजे लवलेली कुठली हे आधी बघून ठेवा, नाहीतर म्यान बदलून बसाल.

खिडकीतलं ऊन टाळा. त्याने रंग उडतो, आणि पांढरे केस पिवळे पडले की सुधारत नाहीत. मे महिन्यात फिगर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणाऱ्यांशी माझं बोलणं नाही.

प्रश्न : शिकाऱ्याची हीच फिग्मा एका संकेतस्थळावर चौथ्या हिश्शाच्या किमतीत दिसते. विक्रेता म्हणतो, ‘सेम फॅक्टरी, फक्त डबा वेगळा.’ घेऊ का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नको. ‘सेम फॅक्टरी’ हे वाक्य मनगटी घड्याळापासून पैठणीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. या मालिकेच्या नकला फार निघतात आणि त्यांची खोड एकच असते : सांधे. खरी फिगर समोर ठेवून साचा काढला की प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, म्हणून नकलेची मापं किंचित कमी भरतात आणि खुंट्या-भोकं जुळत नाहीत. मनगट एकतर शिरत नाही किंवा लोंबकळतं. कोट चकचकीत दिसतो, करवतीच्या दात्यांच्या मधे रंग साचतो, आणि डबा उघडल्याबरोबर रॉकेलसारखा वास येतो. शोभेला एका जागी उभी करायची असेल तर काही दिवस खपून जाईल, पण पंजा बदलायला गेलात की मोडेल.

विक्रेत्याकडे डब्याच्या मागच्या बाजूचा आणि मनगटाच्या खुंटीचा फोटो मागा. बहुतेक उत्तर येणार नाही. आलंच, आणि फोटो कंपनीच्या जाहिरातीतला निघाला, तर ती मुद्दाम नाही म्हणण्याची पद्धत समजा आणि पैसे वाचवा. जुन्या, वापरलेल्या खऱ्या फिगर जपानच्या दुकानांतून बऱ्या भावात मिळतात. तिथे डबा उघडलेला आहे का आणि कुठला पंजा हरवलाय हे स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचून घ्या, विशेषतः पंजांबद्दल, कारण सुटा पंजा मिळवणं नवी फिगर मिळवण्यापेक्षा कटकटीचं आहे.